खांदा कोणत्या तारखेला दुखतो?

मागच्या अंकात पाळीतल्या दुखण्यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. त्यातली चार पत्रं इथे घेतलीत, चारही नाशिकची आणि आसपासची, नावं अर्थातच काढून टाकलीत. पहिलं पत्र लांबलचक आहे पण मी त्याला कात्री लावली नाही, कारण त्या बाईंनी निम्मं निदान स्वतःच करून पाठवलंय, फक्त आपण ते केलंय हे त्यांना माहीत नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, मी मखमलाबादकडे राहते, वय ३४, आमची अडीच एकर द्राक्षाची बाग आहे. माझा उजवा खांदा दुखतो, पण कसं की रोज नाही दुखत. पाळी आली की पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू होतं, खांद्याच्या टोकाला आणि तिथून मानेपर्यंत, आडवं झालं की जास्त, आणि मोठा श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली टोचतं. तीन-चार दिवसांत आपोआप थांबतं. दोन वर्षं झाली असं. हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे झाला, खांद्याचा एमआरआय झाला, सगळं नॉर्मल, फ्रोजन शोल्डरची सुरुवात असेल म्हणाले, फिजिओथेरपीच्या दहा सिटिंग केल्या. सासूबाई म्हणतात मंडपाखाली दिवसभर हात वर करून विरळणी करतेस म्हणून भरून येतो, ते पण खरंय म्हणा, पण मग श्रावणात तसलं काम नसतं तेव्हा पण दुखलाच की. आणि बाकीच्या दिवसांत हात पार वर जातो, काही म्हणजे काही त्रास नाही. पोटात तर लग्नाच्या आधीपासून दुखतं, त्याची आता सवय झालीय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, दुसरं राहत नाहीये. लेडी डॉक्टरांना खांद्याचं कधी सांगितलं नाही, त्यांना खांद्याचं काय सांगायचं? मैत्रीण म्हणते तुझ्या मनाचे खेळ आहेत. पाळीचा आणि खांद्याचा खरंच काही संबंध असतो का?

उत्तर: असू शकतो. आणि तुमच्या मैत्रिणीला सांगा, मनाचे खेळ तारीख बघून येत नाहीत.

तुमच्या पत्रातलं ते श्रावणाचं वाक्य मी दोनदा वाचलं. खांदा कामाने दुखत असता तर विरळणीत आणि छाटणीच्या दिवसांत वाढला असता, काम नसताना शांत बसला असता. तुमचा खांदा बागेचं वेळापत्रक पाळतच नाहीये, पाळीचं पाळतोय. फ्रोजन शोल्डरचं म्हणाल तर तो असा महिन्यातून चार दिवस पाहुणा येत नाही, तो एकदा आला की महिनोन्महिने मुक्काम ठोकतो, ब्लाउजचं मागचं हुक लावता येत नाही, वेणी घालताना हात मध्येच अडकतो, रात्री कुशीवर झोपता येत नाही. तुमचा हात पार वर जातो असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या हाडाच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही हं, त्यांना तुम्ही पाळीचं सांगितलं नसणार आणि लेडी डॉक्टरांना खांद्याचं सांगितलं नाहीत, म्हणजे निम्मी गोष्ट एका दवाखान्यात आणि निम्मी दुसऱ्या दवाखान्यात, मग जुळणार कशी?

आता संबंध काय ते. गर्भपिशवीला आतून जे अस्तर असतं त्याच्यासारखंच टिश्यू काही जणींमध्ये पिशवीच्या बाहेर वाढतं, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हे असतं, म्हणजे तुमच्या बचत गटात वीस जणी असतील तर त्यात एक-दोघी निघाव्यात. बहुतेक वेळा ते ओटीपोटातच असतं, अंडाशयावर, पिशवीच्या मागे, आतड्याला चिकटून. पण काही थोड्या जणींमध्ये ते वर श्वासपटलापर्यंत पोचतं. श्वासपटल म्हणजे पोट आणि छाती यांच्यामधला तो स्नायूंचा पडदा, शाळेत विज्ञानात चित्र काढलं असेल. पाळीच्या दिवसांत तिथेही सूज येते, थोडा रक्तस्राव होतो, आणि पडदा चिडतो.

मग पडदा सोडून खांदा का दुखतो? वायरिंगमुळे. श्वासपटलाला जी नस जाते ती मानेतून निघते, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांमधून, आणि खांद्याच्या वरच्या कातडीची संवेदना नेणाऱ्या नसासुद्धा तिथल्याच तिसऱ्या-चौथ्या मुळांतून निघतात. मेंदूला खालून सिग्नल येतो पण त्याला वाटतं खांद्यावरून आला. हे पटत नसेल तर दुर्बिणीचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या गावातल्या कुठल्याही बाईला विचारा, टाके पोटावर आणि दुसऱ्या दिवशी ठणकतोय खांदा! ऑपरेशनसाठी पोटात भरलेला गॅस थोडा उरतो, तो पडद्याखाली जाऊन बसतो आणि तीच नस चिडवतो. तिथे कुणी मनाचे खेळ म्हणत नाही.

उजवाच खांदा का, यालाही कारण आहे. पोटातलं पाणी स्थिर नसतं, ते ओटीपोटातून उजव्या कडेने वर लिव्हरकडे सरकतं आणि लिव्हरला धरून ठेवणारा एक पदर त्याला डावीकडे जाऊ देत नाही. पाळीचं थोडं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातून हा आजार रुजतो असं सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात मांडलं होतं. पण असं उलटं रक्त तर बहुतेक सगळ्याच बायकांमध्ये जातं आणि आजार सगळ्यांना होत नाही, त्यामुळे एवढ्यावर गोष्ट संपत नाही. तरी पडद्यावरचे या आजाराचे डाग उजवीकडे जास्त का सापडतात हे मात्र त्यावरून छान कळतं.

लगेच घाबरू नका, श्वासपटलापर्यंत गेलेला एंडोमेट्रिओसिस कमी जणींना असतो. पण तुमच्या पत्रात एक खांदा नाहीये, चार गोष्टी आहेत. तारखेला येणारा उजवा खांदा, श्वासाबरोबर टोचणं, लग्नाआधीपासूनची पोटदुखी आणि दुसरं न राहणं. ज्यांच्या पडद्यावर हे असतं त्यांच्यातल्या बहुतेकींच्या ओटीपोटातही असतं. म्हणून "सवय झालीय" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. इतकी वर्षं अंगावर काढलंत ते, सवय कसली?

आता करायचं काय. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असेलच, दुधाचा हिशेब लिहितो ना आपण, "अर्धा लिटर जादा" वगैरे, त्याच चौकोनात लिहायचं. पाळीच्या दिवसावर लाल टिंब, खांदा दुखला तर "खां", श्वास घेताना टोचलं तर "श्वा", आणि दुखणं दहापैकी किती तो आकडा. संडासच्या वेळी दुखलं, संबंधाच्या वेळी दुखलं तर तेही, काय खूण करायची ती तुमची तुम्ही ठरवा, घरातल्या कुणाला कळलं नाही म्हणजे झालं. गोळी घेतली तर तिचं नाव. तीन महिन्यांची पानं झाली की मोबाइलवर फोटो काढा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, शक्यतो अशा की ज्या एंडोमेट्रिओसिसची दुर्बिणीतून ऑपरेशन्स नेहमी करतात. नाशिकमध्ये सिव्हिलला, म्हणजे त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात, किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजमध्ये स्त्रीरोग ओपीडीत सुरुवात करता येईल, खासगीत जायचं तर तेही. खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे टाका, "डॉक्टर, माझा उजवा खांदा फक्त पाळीत दुखतो, हे बघा." पोटदुखीपासून सुरुवात केलीत तर खांद्यापर्यंत पोचायच्या आत चिठ्ठी लिहून होते, अनुभवाने सांगते.

तपासणीचं एक लक्षात ठेवा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे काही नाही असं नसतं, ओटीपोटाच्या सोनोग्राफीत श्वासपटल बघतच नाहीत. खांद्याचा एमआरआय झाला तोही नॉर्मलच येणार, बिचाऱ्या खांद्यात बिघाडच नाही. एमआरआय सांगितलाच तर श्वासपटल बघायचंय हे चिठ्ठीवर लिहून घ्या, काही वेळा तो पाळीच्या दिवसांतच करतात म्हणजे डाग जास्त स्पष्ट दिसतात, तरी बारीक डाग सुटू शकतात. आणि दुर्बीण घालायची ठरली तर आधीच विचारा की लिव्हरच्या मागचा पडदा बघणार का. लिव्हर तिथे जाडजूड दारासारखं आडवं बसलेलं असतं, मुद्दाम बाजूला करून वाकड्या दुर्बिणीने बघितलं नाही तर मागचं दिसत नाही, आणि मग "पोटात थोडंसं होतं ते काढलं" असा रिपोर्ट घेऊन बाई घरी येते आणि पुढच्या पाळीला खांदा आहेच.

उपचार दोन प्रकारचे. एक, गोळ्यांनी पाळी आणि बीज दोन्ही शांत ठेवायचं, त्यात डायनोजेस्ट नावाची गोळी हल्ली बरीच देतात, रोज २ मिलिग्रॅम. सुरुवातीला मध्येमध्ये थोडं रक्त जातं, काहींची चिडचिड वाढते. पण त्या चालू असेपर्यंत दुसऱ्या मुलाचा विचार बाजूला ठेवावा लागतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे आधी बोलून घ्यायला हवं. दोन, ऑपरेशन. पडद्यावरचं काढायचं तर कधीकधी छातीचे सर्जनही सोबत लागतात, त्यासाठी मुंबई-पुण्याला पाठवलं तर घाबरून जाऊ नका. खर्चाचं म्हणाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा की हे ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का, रेशनकार्ड सोबत न्या.

आणि हे कॅलेंडरवर लिहीत बसायचं नाही, सरळ गाडी काढायची: पाळीच्या आसपास एकदम दम लागला, छातीत एका बाजूला कळ आली तर त्याच दिवशी छातीचा एक्स-रे. याच आजारात क्वचित फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आकसतं, पाळीबरोबर असं होतं याची पहिली नोंद १९५८ सालची आहे. दुसरं, पाळी चुकलीय आणि पोटात दुखून खांद्याचं टोक दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते, तिथे तास-दोन तासांचाही उशीर नको. तुम्ही दिवस राहायची वाट बघताय म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

प्रश्न: मी पंचवटीत राहते, वय ३८. नवरात्रात सप्तशृंगी गडावर जायचं होतं म्हणून मेडिकलमधून पाळी लांबवायची गोळी आणून दहा दिवस घेतली. माझा पण उजवा खांदा पाळीत दुखतो, चार वर्षं झाली. तर झालं काय की त्या दहा दिवसांत पाळीची तारीख होऊन गेली तरी खांदा दुखला नाही, घरी सगळे म्हणाले देवीची कृपा. गोळी बंद केली, तिसऱ्या दिवशी पाळी आली आणि त्याच रात्री खांदा असा दुखला की विचारू नका. याचा काही अर्थ आहे का?

उत्तर: आहे, आणि चांगला मोठा आहे. देवीच्या कृपेबद्दल मी काही बोलणार नाही, गडाच्या पायऱ्या चढताना खांद्याने साथ दिली हे बरंच झालं. पण पाळी लांबवायला जी गोळी देतात ती बहुतेक नॉरएथिस्टेरॉन असते आणि तीच गोळी एंडोमेट्रिओसिसच्या उपचारातही वापरतात. म्हणजे तुमच्याकडून नकळत एक प्रयोग होऊन गेला. तारीख आली, पाळी आली नाही, खांदा दुखला नाही. पाळी आली, खांदा दुखला. खांद्याच्या दुखण्याची दोरी पाळीच्या हातात आहे याला याहून चांगला पुरावा घरबसल्या मिळत नाही. एवढ्यावरून एंडोमेट्रिओसिसच आहे असा शिक्का कुणी मारणार नाही, पण गोळीचं नाव, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, पाळीची तारीख, एवढं कागदावर लिहून स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर ठेवा, रिकामी स्ट्रिप घरात पडली असेल तर तीही न्या.

फक्त आता "गोळीने बरं वाटतं" म्हणून मेडिकलमधून आणून परस्पर चालू ठेवू नका. पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, लिव्हरचा त्रास असेल, अर्धशिशी असेल तर ही गोळी विचारून-सवरूनच घ्यायची असते, आणि मेडिकलवाला हे विचारत नाही, त्याला गर्दी असते. लग्न असो, पूजा असो, पुढचा सिंहस्थ असो, तारीख लांबवायची तर आधी डॉक्टरांना दाखवून.

प्रश्न: मॅडम मी १९ वर्षांची आहे, इंजिनिअरिंगला आहे, इंदिरानगरला पीजीमध्ये राहते. पाळीत माझे दोन्ही खांदे, पाठ, मांड्या सगळंच दुखतं. परवा एक रील बघितलं त्यात पाळीत खांदा दुखणं म्हणजे फुप्फुसात एंडोमेट्रिओसिस असं होतं, तेव्हापासून झोप नाही. दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडतं. मला पण तेच असेल का?

उत्तर: अगं, आधी ते रील बंद कर. पाळीत शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात, त्यांनी पिशवी आकुंचन पावते आणि पोटाबरोबर अंगही ठणकतं, कंबर, मांड्या, पाठ, कुणाला जुलाबही होतात. त्यात तू दोन दिवस गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून मुटकुळं करून पडत असशील, वर लॅपटॉपची बॅग, खांदे आखडणारच. ज्या खांद्याबद्दल मी वर लिहिलंय तो बहुतेक एकाच बाजूचा असतो, उजवा, टोकाला दुखणारा, श्वासाबरोबर आणि आडवं झालं की वाढणारा. तुझं वर्णन तसं वाटत नाही.

पण तुझ्या पत्रात तू खांद्याला घाबरलीस आणि घाबरायला हवं होतं ते वाक्य सहज लिहून गेलीस. दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडतं. हे "सगळ्यांचंच असतं" नाहीये. ज्या पाळीने शाळा-कॉलेज बुडतं ती दाखवायला हवी, एंडोमेट्रिओसिस १९व्या वर्षीसुद्धा असू शकतो आणि पुष्कळ जणींना तो असल्याचं कळायलाच कितीतरी वर्षं जातात. लग्न झाल्यावर आपोआप बरं होईल असं घरी कुणी म्हणालं तर हो म्हण आणि तरीही डॉक्टरकडे जा. दुखायची गोळी दुखणं टिपेला जायची वाट न बघता सुरुवातीलाच घ्यावी, पण काहीतरी खाऊन, रिकाम्या पोटी नाही. मेफेनॅमिक अॅसिडवाली घेत असशील (पाळीच्या गोळ्यांमध्ये तीच जास्त चालते) तर अंगावर पुरळ आणि ताप आला की लगेच बंद करून दाखवायचं, याबद्दल भारतीय औषधकोश आयोगानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये सावध केलं होतं.

प्रश्न: वय ४६, नाशिकरोड. दहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून एंडोमेट्रिओसिसचं निदान झालंय, खांदाही पाळीत दुखतो. आता एका डॉक्टरांनी सांगितलं की पिशवी काढून टाका, कटकटच मिटेल. मिस्टर पण म्हणतात आता काय करायचंय पिशवीला. काढू का?

उत्तर: "कटकटच मिटेल" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या त्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या होत्या, त्या वाचल्यापासून मला हे वाक्य ऐकलं की आधी कागद बघावेसे वाटतात.

पिशवी काढणं कधीच योग्य नसतं असं नाही. पिशवीच्या भिंतीतच आजार असेल, ज्याला अॅडिनोमायोसिस म्हणतात, खूप रक्त जात असेल, बाकी उपाय करून झाले असतील तर ते ऑपरेशन बाईला नवं आयुष्य देतं. पण एंडोमेट्रिओसिस मुळात पिशवीच्या बाहेरचा आजार. पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर हार्मोन्स चालूच राहतात, मग बाहेर उरलेले डाग, ते पडद्यावरचे असोत की आतड्यावरचे, पुढेही चिडू शकतात. फरक एवढाच की पाळीच नाही, म्हणजे खांदा कशामुळे दुखतोय हे सांगणारी लाल टिंबंही कॅलेंडरवरून गेली. अंडाशयही काढले तर दुखणं कमी व्हायची शक्यता वाढते, पण मग पाळी एका दिवसात जाते, अंगातून वाफा येणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं त्याच्या मागोमाग येतं, त्याची तयारी हवी. ४६ व्या वर्षी गोळीवर किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनावर पाळी जाईपर्यंतची वर्षं काढता येतील का, हाही एक प्रश्न आहे आणि तो तुम्हाला कुणी विचारलेला दिसत नाही.

दहा वर्षांपूर्वीचा ऑपरेशनचा कागद शोधा, तेव्हाची सीडी मिळाली तर उत्तमच, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जाताना मिस्टरांना बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर तीन प्रश्न विचारा: अंडाशय ठेवणार की काढणार, बाहेरचे डाग त्याच वेळी काढणार का, आणि माझ्या खांद्याचं काय? तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टरांनी "खांदा? त्यासाठी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा" म्हटलं, तर ऑपरेशनची तारीख घेऊ नका, आणखी एका ठिकाणी दाखवा.